दरबारातला सेवक

गेल्या नाताळच्या सुटीत माझ्या हातून एक चूक झाली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे गावी गेले की मंडळीतले वडीलधारे शास्त्रपाठ वाचायला मलाच उभे करतात. त्या दिवशी एक निरक्षर आजी भजन सांगत होत्या. त्यांचा एक शब्द चुकला आणि मी तो सर्वांदेखत सुधारला. आजी गप्प झाल्या. पुढचे भजन त्यांनी सांगितलेच नाही.

ते भजन रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे होते. छत्रपती संभाजीनगरला परतल्यावर मी ग्रंथालयातून टिळकांविषयी मिळेल ते वाचून काढले.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी, चित्पावन ब्राह्मण कुळात झाला. संस्कृतचा त्यांचा व्यासंग मोठा होता. १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन गृहस्थाने त्यांना नवा करार दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. या निर्णयाने घर दुभंगले. पत्नी लक्ष्मीबाईंशी काही वर्षे ताटातूट झाली. १९०० साली त्याही ख्रिस्ती झाल्या.

अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये टिळक शिक्षक होते, पुढे पाळक झाले. १९१२ पासून 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचे ते संपादक होते. नगरकडील मंडळीत बहुसंख्य लोक महार-मांग समाजांतून आलेले, अक्षरओळख नसलेले. एवढ्या विद्वानाने व्यासपीठावरून नुसता उपदेश केला असता तरी लोकांनी मान तुकवली असती. पण टिळकांनी ख्रिस्ताची शिकवण अभंगांत आणि भजनांत उतरवली व तिला टाळमृदंगाची साथ दिली. ज्यांना वाचता येत नव्हते, त्यांच्या ओठांवर ती बसली. मला वाटते, शिकवण्याचा अधिकारच त्यांनी त्या लोकांच्या हाती दिला.

१९१७ साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' उभारला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, असे ख्रिस्ताचे सारे अनुयायी तेथे बंधुभावाने एकत्र यावेत, ही त्यांची इच्छा होती. अवघ्या दोन वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, मुंबईत त्यांचे निधन झाले.

त्यांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरेच राहिले. ते पुरे केले लक्ष्मीबाईंनी. या लक्ष्मीबाईंना लिहायवाचायला शिकवले होते टिळकांनीच! गुरूचे मोठेपण यापेक्षा वेगळे काय असते?

आणि मी? चार पुस्तके वाचून एका म्हातारीचे भजन बंद पाडले. शब्द माझा बरोबर होता, पण ती जागा माझी नव्हती. त्या आजींना साठ वर्षांची भजने तोंडपाठ आहेत. मला चारही पूर्ण येत नाहीत.

या उन्हाळ्यात गावी गेले की वही घेऊन त्यांच्या ओसरीवर बसणार आहे. त्यांनी सांगायचे आणि मी लिहून घ्यायचे. त्या सांगतील ना, एवढीच धाकधूक आहे.