मुलांच्या लाडक्या एनिड ब्लायटनबाई



स्मरणिकेसाठी एखाद्या नामवंत स्त्रीचे चरित्र लिहून द्या, असे आपल्या चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी फार संकोचले. माझे शिक्षण अवघे सातवीपर्यंतचे. जिजामाता, अहिल्याबाई, सावित्रीबाई यांच्याविषयी आपल्यातील जाणत्या भगिनी दर वर्षी लिहितातच. तेव्हा मी ठरविले की, जिच्यामुळे गेले वर्षभर आमच्या स्वयंपाकघरात तीन पिढ्या एकत्र बसू लागल्या, त्या बाईंविषयीच चार शब्द लिहावे. त्या म्हणजे इंग्लंडमधील लेखिका एनिड ब्लायटन.

त्या आमच्या घरी आल्या रद्दीच्या दुकानातून. माझी धाकटी कन्या इंग्रजी शाळेत सहावीत शिकते. तिने त्यांची तीन जुनी पुस्तके आणली. चार मुले आणि एक कुत्रा मिळून पाच जण, व त्यांनी उलगडलेली रहस्ये, असा त्या पुस्तकांचा विषय. माझे इंग्रजी दुकानांच्या पाट्यांपुरते. म्हणून ती रोज एक प्रकरण वाची आणि मी पोळ्या लाटत असताना मला ते मराठीत सांगे. शेजारी सासूबाई शेंगा सोलीत बसत. त्यांना ती परकी नावे जमेनात, म्हणून त्यांनी ज्युलियनचा थोरला, डिकचा मधला आणि ॲनची धाकटी करून टाकली. मुलांनी टिमी कुत्र्याला जेवू घातले की नाही, हे मात्र त्या रोज आठवणीने विचारीत.

मोबदला म्हणून मी लेकीला माझ्या लहानपणचा भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे वाचून दाखवू लागले. फुरसुंगीचा हा बनेश फेणे मला माझ्या थोरल्या भावाकडून मिळाला होता. सातवीनंतर माझी शाळा सुटली, पण ते पुस्तक मी लग्नानंतरही ट्रंकेत जपून ठेवले होते. असा आमचा देवघेवीचा व्यवहार सुरू झाला. मग ह्या ब्लायटनबाई कोण, त्यांचे घर कसे होते, हे जाणून घ्यावे असे वाटू लागले. माझ्या धाकट्या दिरांनी वाचनालयातून त्यांचे इंग्रजी चरित्र आणून मला समजावून दिले. तेच येथे सांगते.

एनिडचा जन्म 11 ऑगस्ट 1897 रोजी लंडनच्या ईस्ट डलविच भागात झाला. तिच्या पाठीवर दोन भाऊ. वडील थॉमस ब्लायटन हे सुऱ्या व काटेचमचे यांच्या विक्रीचे काम करीत. काही महिन्यांची असताना तिला डांग्या खोकला झाला व ती वाचेल अशी आशा उरली नाही. त्या थंडीच्या रात्री वडील तिला मांडीवर घेऊन पहाटेपर्यंत ऊब देत बसले आणि मूल वाचले. पुढे तोच जिव्हाळा राहिला. वडिलांना फुले, पाखरे, गाणे व पुस्तके यांचा नाद. ते लेकीला रानात हिंडवून झाडांची नावे शिकवीत. आईला हे रुचत नसे. मुलीने घरकामाला हातभार लावावा, असे तिचे म्हणणे. आपल्यापैकी कित्येकींना हे ऐकून आपलेच माहेर आठवेल.

एनिड तेरा वर्षांची असताना वडील दुसऱ्या स्त्रीसाठी घर सोडून गेले. ज्याने रात्रभर उराशी धरले, तोच बाप दार ओढून निघून गेला. आईने मुलांना ताकीद दिली की, कोणी विचारले तर वडील बाहेरगावी गेले आहेत असे सांगायचे. मुलीने तसे सांगितले, आणि दुःख मनात कोंडून ती आपल्या खोलीचे दार लावून गोष्टी लिहीत बसू लागली. मासिकांकडे पाठविलेले लिखाण शेकड्यांनी परत येई. आई त्याला पैशाचा व वेळेचा अपव्यय म्हणे. एका शाळामैत्रिणीच्या आत्याने मात्र तिला धीर दिला.

तिने पियानो शिकून मोठी वादक व्हावे अशी वडिलांची इच्छा होती. परंतु 1916 साली तिने संगीताचा मार्ग सोडून इप्सविच येथे बालशिक्षिकेचे शिक्षण घेतले. पुढे सर्बिटन येथे एका कुटुंबातील चार भावांना ती शिकवू लागली. तेथे शेजारपाजारची मुलेही येत, व एनिडबाई आपल्या गोष्टी प्रथम त्यांनाच सांगत. मुले कोठे हसतात, कोठे श्वास रोखतात, हे त्या तेथे शिकल्या. वडील 1920 मध्ये वारले, तेव्हा त्या अंत्यविधीला गेल्या नाहीत. 1922 साली त्यांचे पहिले पुस्तक निघाले. ते लहान मुलांच्या कवितांचे होते व अवघे 24 पानांचे.

1924 साली त्यांनी ह्यू पोलॉक या प्रकाशनसंस्थेतील संपादकाशी विवाह केला. 1931 मध्ये थोरली कन्या जिलियन व 1935 मध्ये धाकटी इमोजेन जन्मली. मुलांसाठी त्या एक नियतकालिक चालवीत. 1938 साली बीकन्सफील्ड येथे नवे घर घेतले, तेव्हा घराला नाव काय द्यावे हे त्यांनी बालवाचकांनाच विचारले आणि मुलांनी सुचविलेले ग्रीन हेजेस म्हणजे हिरवी कुंपणे हे नाव ठेवले.

1942 साली महायुद्ध चालू होते, इंग्लंडात कागदही मापून मिळत होता. त्या वर्षी पाच जणांच्या मालिकेतील पहिले पुस्तक, फाइव्ह ऑन अ ट्रेझर आयलंड, निघाले. त्यात बुडालेले जहाज आहे, बेटावरचा पडका किल्ला आहे आणि लपविलेले सोने आहे. जॉर्जिना नावाची मुलगी केस आखूड कापून स्वतःला जॉर्ज म्हणविते व मुलगा मानले की खूश होते. ही जॉर्ज म्हणजे लहानपणच्या आपण स्वतःच, अशी कबुली बाईंनी पुढे दिली. सहा पुस्तके लिहून मालिका संपवायची असा त्यांचा बेत होता. पण मुलांनी पत्रे पाठवून त्यांना थांबू दिले नाही, आणि 1963 पर्यंत 21 पुस्तके झाली.

त्यांची लिहिण्याची रीत न्यारी होती. सकाळी न्याहारी झाली की मांडीवर टंकलेखन यंत्र घेऊन बसायचे. डोळे मिटले की पात्रे समोर दिसू लागत, पडद्यावर चित्रपट चालावा तसे सारे घडू लागे, आणि त्या ते टिपून घेत. दिवसाकाठी सहा हजार, कधी दहा हजार शब्द होत. अशी सहाशेहून अधिक पुस्तके त्यांनी लिहिली. शिवाय मुलांच्या पत्रांना त्या स्वहस्ते उत्तरे देत.

टीकाही पुष्कळ झाली. भाषा फार सोपी, गोष्टी एकाच साच्याच्या, असे म्हणून बीबीसीने अनेक वर्षे त्यांना दूर ठेवले. कित्येक ग्रंथपालही त्यांची पुस्तके घेईनात. परदेशी माणसे व भटक्या जमातींचे लोक यांना खलनायक करण्याची त्यांची खोड तर खरोखरच वाईट होती. नंतरच्या आवृत्त्यांत असे काही मजकूर बदलले गेले. आमच्या सासूबाईंनी दुसऱ्याच दिवशी एक चूक काढली. दर वेळी भांडी त्या धाकटीनेच का घासायची, थोरल्याचे हात मोडले आहेत काय, असा त्यांचा सवाल होता. मी म्हणते, मुलाजवळ बसून पुस्तक वाचण्याचा हाही एक लाभ आहे. खटकेल ते तेथल्या तेथे बोलून टाकता येते.

आता चरित्राचा तो भाग सांगते, जो ऐकून माझ्या हातातले लाटणे थांबले.

1942 साली एनिडबाईंचा घटस्फोट झाला व 1943 मध्ये त्यांनी केनेथ डॅरेल वॉटर्स या शस्त्रवैद्यांशी विवाह केला. दोन्ही मुलींना दुसऱ्या पतीचे आडनाव लावले, आणि जन्मदात्या पित्याची भेट त्यांना होऊ दिली नाही. स्वतःचे वडील गेल्याचे दुःख जिने लपविले, तिनेच आपल्या मुलींचे वडील त्यांच्यापासून दूर केले. थोरली जिलियन आईविषयी प्रेमाने बोलत असे. गोष्टी सांगणारी, रानावनाची ओढ लावणारी आई तिला आठवे. धाकट्या इमोजेनने मात्र 1989 साली पुस्तक लिहून आपल्या वाट्याला मायेचा स्पर्श आला नाही, हे सांगितले. तिच्या आठवणीत आईच्या खोलीचे दार बंद असे व आतून यंत्राची टकटक ऐकू येई. दोघींची आई एकच, आणि दोघींचे म्हणणे मला खरे वाटते.

हे ऐकले ते दिवाळीनंतर आठवड्याने. दिवाळीत माझ्याकडे फराळाची मोठी मागणी होती. चकल्यांच्या सोऱ्याशी मी बसलेली असताना लेक शेवटचे प्रकरण सांगायला तीन वेळा आली, आणि तीनही वेळा मी नंतर सांग म्हणून तिला परत पाठविले. चौथ्यांदा ती आली नाही. पुस्तक मिटून झोपी गेली. त्या वेळी मला त्यात काही वाटले नाही. इमोजेनची हकिगत कळली तेव्हा मात्र ते मिटलेले पुस्तक डोळ्यांसमोर उभे राहिले. मला राग आला तो एनिडबाईंचा नव्हे. काम त्यांनाही होते, मलाही होते. दार त्यांचे लाकडाचे, माझे चकलीच्या पिठाचे, एवढाच फरक.

अखेरच्या वर्षांत बाईंची स्मृती ढासळली. 1967 साली पती वारले. त्यांचे मन वर्तमान सोडून बालपणीच्या घराकडे धाव घेऊ लागले. 28 नोव्हेंबर 1968 रोजी लंडनच्या हॅम्पस्टेड भागातील शुश्रूषागृहात, वयाच्या 71 व्या वर्षी त्यांचे निधन झाले. ग्रीन हेजेस हे घरही पुढे 1973 साली पाडले गेले.

त्यांच्या गोष्टींत संकट कितीही मोठे असो, शेवटी मुले सुखरूप घरी येतात व पानावर वाढलेले असते. जे घर त्यांना स्वतःला लाभले नाही आणि आपल्या लेकींनाही पुरते देता आले नाही, ते त्यांनी जगातील मुलांना दिले, असे मला वाटते. म्हणूनच त्यांची पुस्तके आईने लेकीला व आजीने नातवाला दिली.

परंतु भगिनींनो, पुस्तक नुसते हाती देऊन भागत नाही. जवळ बसावे लागते. मी लेकीची क्षमा मागितली आणि ते शेवटचे प्रकरण पुन्हा सांगायला लावले. तिने थोडे आढेवेढे घेतले, मग सांगितले. त्या दिवशी पोळ्या अर्धा तास उशिरा झाल्या, व कोणाचेही काही अडले नाही. सासूबाईंनी टिमी जेवल्याची खात्री करून घेतली.

माझी नम्र सूचना आहे की, आपल्या मंडळाच्या कपाटातील एक कप्पा मुलांच्या जुन्या पुस्तकांसाठी ठेवावा, आणि शनिवारी एखाद्या मुलाने आपल्याला गोष्ट सांगावी. इंग्रजी न येणाऱ्या माझ्यासारख्या भगिनींनी मुळीच लाजू नये. ऐकायला इयत्ता लागत नाही.