पेटीतून गाणारे गोविंदराव टेंबे

हार्प आणि पियानोच्या तारा आधीच स्वरांत लावलेल्या असतात. गळ्यासारखी मींड त्यांवर निघत नाही. हार्मोनियमचीही हीच उणीव. तरीही या परदेशी पेटीवर कोल्हापूरच्या गोविंदराव टेंबे (१८८१-१९५५) यांनी ख्यालाची गायकी उतरवली. पट्ट्यांवरून अलगद फिरणारी बोटे आणि भात्यावरचा ताबा यांतून गळ्याचा भास होई. भास्करबुवा बखल्यांची साथ करताना हे कसब कसाला लागले. १९११मध्ये ‘मानापमान’च्या चाली त्यांनी दिल्या, १९३२च्या ‘अयोध्येचा राजा’ चित्रपटातला हरिश्चंद्रही तेच. एवढे होऊनही १९४०मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली. ती सैल व्हायला तीन दशके लागली. तेव्हा टेंबे हयात नव्हते.