शाडूच्या मातीतून लंडनला, आणि परत सासवण्याला!

पेण-हमरापूरकडचे असाल, तर शाडूची माती तुम्हाला नवीन नाही. कॉलेजला सुट्टी लागली की कारखान्यात रंगकामाला बसणारे दोस्त रोह्या-पेणच्या कुठल्याही वर्गात सापडतील. पण या कामाला आपण ‘सीझनचं काम’ म्हणून मोकळे होतो. हीच माती आपल्याच जिल्ह्यातल्या एका मुलाला कुठवर घेऊन गेली, बघा.

विनायक पांडुरंग करमरकर. जन्म 1891 चा, गाव अलिबाग तालुक्यातलं सासवणे. वडील शेती सांभाळून गणपती करायचे, तिथेच विनायकचा हात बसला. गावातल्या देवळाच्या भिंतीवर त्याने घोड्यावरचे शिवाजी महाराज रंगवले. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याचे, म्हणजे आपल्या रायगडचे, कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड यांनी ते चित्र पाहिलं आणि विनायकला थेट मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये पाठवलं. पुढे कोलकाता, मग लंडनची रॉयल अकॅडमी.

घोड्यावरचे महाराज मात्र मनातून गेले नव्हते. पुण्यातल्या शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलमध्ये 1928 साली उभा राहिलेला ब्राँझचा अश्वारूढ पुतळा करमरकरांचाच. एवढा मोठा पुतळा सहसा तुकड्यांत ओतून जोडतात. यांनी तो मुंबईत माझगावला एकसंध ओतून घेतला. धातूचा रस मध्येच थंड झाला असता, तर सगळी मेहनत वाया. रिटेक नाही!

एवढं नाव झाल्यावर माणूस फक्त मोठ्यांचेच पुतळे करत बसला असता. करमरकरांनी तेही केले, पण सासवण्याच्या घरी त्यांनी घडवली कोळीण, गावची साधी माणसं, अंगणात बसलेली म्हैस. तीही कित्येकदा साध्या सिमेंटमध्ये! पुढे ‘पद्मश्री’ मिळाली. 1967 मध्ये ते गेले.

त्यांचं घर आता शिल्पसंग्रहालय आहे. एसटीने अलिबाग गाठा, तिथून मांडव्याच्या रस्त्याला सासवणे. ती म्हैस बघून या. आणि पुढच्या सुट्टीत कारखान्यात बसाल, तेव्हा शेजारी मूर्तीचे डोळे आखणाऱ्या दोस्ताकडे जरा नीट बघा. रॉथफिल्डसाहेबांनी एका भिंतीकडे बघितलं होतं, तसं.