घरात घडलेला चित्रपट

पुष्कळ द्रव्य असल्यावाचून मोठे कार्य हाती घेता येत नाही, अशी समजूत आपणांपैकी पुष्कळांच्या मनात रुजलेली असते. ती कितपत खरी, हे ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी धुंडिराज गोविंद उर्फ दादासाहेब फाळके यांचे चरित्र अवश्य वाचावे, असे आम्हांस वाटते.

दादासाहेबांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी एका शास्त्र्यांच्या घरी झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत काही काळ शिकून ते आपल्या बडोद्याच्या कलाभवनात आले व येथे चित्रकलेबरोबर छायाचित्रणातही त्यांनी हात बसविला. पुढे छायाचित्रकार, पुरातत्त्व खात्यातील नोकर, छापखान्याचे चालक असे अनेक व्यवसाय त्यांनी केले. परंतु भागीदारांशी न पटल्यामुळे छापखाना सुटला आणि चाळिशी उलटलेला हा गृहस्थ रिकाम्या हातांनी घरी बसला. अशा वेळी, १९११ साली, मुंबईत त्यांनी ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहिला. आपल्या पुराणातील देवदेवताही अशाच पडद्यावर अवतराव्यात, हा ध्यास त्यांनी घेतला. रात्रंदिवस चित्रपट पाहून अभ्यास करताना त्यांची दृष्टी अधू झाली; ती औषधोपचारांनी सावरली. मग विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून १९१२ साली ते लंडनला गेले आणि तेथील विद्या शिकून, कॅमेऱ्याची मागणी नोंदवून परतले.

आता भांडवल कोठून आणावे? दादासाहेबांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला आणि कॅमेरा एका जागी ठेवून, तो अंकुरून वाढेपर्यंत दिवसामागून दिवस थोडी थोडी चित्रे टिपली. पडद्यावर काही क्षणांत दाण्याचा वेल झालेला पाहून धनिकाचा विश्वास बसला व कर्ज मिळाले. पत्नी सरस्वतीबाई यांचे दागिनेही याच कामी आले.

दादरचे राहते घर हाच कारखाना झाला. सरस्वतीबाईंनी अंधारात बसून कोऱ्या फिल्मच्या कडांना भोके पाडली, रसायने मिसळली आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही सांभाळला. त्या काळी स्त्रिया पडद्यावर येण्यास धजत नसल्यामुळे उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले आणि दादासाहेबांचा मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. भारतातील पहिला पूर्ण लांबीचा कथापट म्हणून तो आज ओळखला जातो.

पुढे ‘लंकादहन’ (१९१७) सारख्या चित्रपटांनी धन मिळवून दिले, पण ते टिकले नाही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे देहावसान झाले, तेव्हा चित्रसृष्टी त्यांना जवळजवळ विसरली होती. १९६९ पासून त्यांच्या नावे राष्ट्रीय पुरस्कार दिला जातो.

दादासाहेबांचे नाव सर्वांस ठाऊक आहे. सरस्वतीबाईंचे फार थोड्यांस. सत्यासाठी सर्वस्व देणाऱ्या राजाराणीची कथा पडद्यावर आणताना या दांपत्यानेही घरातले सर्वस्व पणाला लावले होते. विद्यार्थी मित्रांनो, हरिश्चंद्राबरोबर तारामतीचे नाव आपण नेहमी घेतो. दादासाहेबांबरोबर सरस्वतीबाईंचेही नाव घेत जावे, एवढीच आमची विनंती आहे.