व्यसनमुक्तीचे कीर्तनकार : श्रीसंत गाडगे महाराज

श्रीसंत गाडगे महाराजांचे नाव उच्चारताच डोळ्यांसमोर खराटा उभा राहतो. महाराष्ट्र शासनाने २०००-०१ या वर्षी ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले व त्यास बाबांचेच नाव दिले; त्यामुळे ही खराट्याची आठवण अधिकच दृढ झाली. ती योग्यच आहे. तथापि बाबांच्या लोकसेवेचा उगम शोधू गेल्यास तो गावच्या उकिरड्यापाशी सापडत नाही. तो त्यांच्या स्वतःच्या घरातील दारूच्या भांड्यापाशी सापडतो. बाबांचे संपूर्ण चरित्र या स्मरणिकेच्या चार पानांत मावणारे नव्हे. म्हणून त्यातील हा एकच धागा आम्ही ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवीत आहो. कारण हा धागा बाबांच्या घरातून निघून आपल्या प्रत्येकाच्या घरापर्यंत येऊन पोहोचलेला आहे.

बाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव या लहानशा खेड्यात, एका परीट कुटुंबात, २३ फेब्रुवारी १८७६ रोजी त्यांचा जन्म झाला. मातेचे नाव सखूबाई. घर खाऊनपिऊन सुखी होते. पिता झिंगराजी स्वभावाने वाईट नव्हते, आळशीही नव्हते. अशा माणसाच्या हाती दारूचा पेला आला कोठून? चरित्रकारांनी याचे जे वर्णन केले आहे, ते आपण सर्वांनी मनन करण्याजोगे आहे. तो पेला गुत्त्यातून आला नाही, कुसंगतीतूनही आला नाही. तो रूढीतून आला. देवाला बकरे कापावे, दारूचा नैवेद्य दाखवावा व तोच प्रसाद म्हणून सर्वांनी घ्यावा, अशी त्या काळची चाल होती. बारसे असो, लग्न असो, मयताचा दिवस असो किंवा पंचायतीपुढील तंटा मिटलेला असो, दारूवाचून कार्य तडीस जात नसे. अनेक जातींत तर अपराध्याकडून घेतलेला दंडसुद्धा पंचांनी एकत्र बसून पिऊन टाकावा, असा प्रघात होता. न पिणारा मनुष्य जातीला कमीपणा आणणारा ठरे. प्रथम मानासाठी घेतलेला घोट पुढे सवयीचा झाला आणि सवयीने अखेर झिंगराजींचे शरीर पोखरले.

१८८४ साली झिंगराजींचे निधन झाले. डेबू त्या वेळी अवघा आठ वर्षांचा होता. अंतकाळी झिंगराजींस आपल्या व्यसनाचा खरा पश्चात्ताप झाला व डेबूला या मार्गापासून दूर ठेव, दारू-मांस मागणाऱ्या देवांचे हे देव्हारे घरातून काढून टाक, असे त्यांनी पत्नीस कळवळून सांगितले, असे चरित्रकार लिहितात. झिंगराजी व्यसनातून सुटले नाहीत. सुटण्याइतका अवधी त्यांस मिळाला नाही. परंतु त्यांनी मरतेवेळी आपल्या दुःखाचे कारण ओळखले, आणि ती ओळख हाच डेबूचा खरा वारसा ठरला. पित्याची निंदा करून मोठे होणारे पुत्र पुष्कळ असतात. पित्याची वेदना समजून घेऊन इतरांच्या पित्यांस वाचवू पाहणारा पुत्र विरळा.

पतीच्या पश्चात सखूबाई मुलास घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या माहेरगावी आल्या. मामा चंद्रभान यांच्या घरी डेबूजी वाढला. गुरे राखावी, नांगर धरावा, मोट हाकावी, अशा कष्टांत त्याचे बाळपण गेले. शाळेचे तोंड त्यास दिसले नाही. पुढे सावकाराच्या कागदांपायी मामांची जमीन गेली व निरक्षरतेचे मोल काय असते हेही त्याने तरुणपणीच पाहिले. व्यसन, कर्ज व अज्ञान ही तीन संकटे वेगवेगळ्या दारांनी घरात येतात, परंतु आत आल्यावर ती एकमेकांचा हात धरतात, हे ज्ञान त्यास पोथीतून मिळाले नाही. बाबांच्या पुढील कीर्तनांत हे तिन्ही विषय नेहमी एकत्र येत, त्याचे मूळ येथे आहे.

१८९२ साली डेबूजींचा विवाह कुंताबाईंशी झाला. यथावकाश कन्यारत्न झाले व बारशाचा दिवस ठरला. भाऊबंद, सोयरे व जातीची मंडळी जमली. रिवाजाप्रमाणे दारू व मटणाचे जेवण होणार, हे सर्वांनी गृहीत धरलेले होते. डेबूजींनी पाहुण्यांच्या पानात गोडाचे जेवण वाढले व दारूचा थेंबही घरात येऊ दिला नाही. मंडळींत कुजबुज झाली, नाराजी झाली. जातीचा रिवाज मोडला, हा दोष लहान नव्हता. त्यापायी माणसास वाळीत पडावे लागे. परंतु डेबूजी डगमगले नाहीत.

आमच्या मते गाडगेबाबांच्या व्यसनमुक्तीच्या कार्याचा आरंभ याच दिवशी झाला. या गोष्टीतील दोन बाबी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी, की त्यांनी कोणास उपदेश केला नाही. आपल्या घरच्या कार्यात आपल्या हातून दारू वाढली जाणार नाही, एवढेच केले. दुसरी अशी, की पाहुण्यांस त्यांनी उपाशी परत पाठविले नाही. पंगत झालीच, मानपान झालाच, आनंदही झाला; त्यातून केवळ दारू वगळली गेली. रूढी मोडताना तिच्या जागी काही तरी चांगले ठेवावे लागते, हे मर्म त्या निरक्षर तरुणास ठाऊक होते.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी डेबूजींनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हाती खराटा व मातीचे गाडगे, या वेषात त्यांनी पुढील पन्नासहून अधिक वर्षे महाराष्ट्र पायाखाली घातला. गाडग्यावरूनच लोक त्यांस गाडगेबाबा म्हणू लागले. दिवसा गाव झाडावे आणि रात्री त्याच गावात कीर्तनास उभे राहावे, हा त्यांचा क्रम. सकाळी ज्यास वेडा समजून हाकलले, तोच रात्री पुढे उभा राहून आपल्या घरातील गुपिते जणू पाहिल्यासारखी सांगतो आहे, हे पाहून श्रोते थक्क होत.

त्यांच्या कीर्तनाची रीत निराळी होती. पूर्वरंग व उत्तररंग यांचे शास्त्र त्यांनी पाळले नाही. आपल्या वऱ्हाडी बोलीत ते श्रोत्यांस प्रश्न विचारीत व श्रोत्यांकडूनच उत्तर वदवून घेत. दारूपायी घरातील भांडी कोठे गेली, मुलांच्या अंगावर कपडा का नाही, घरच्या लक्ष्मीच्या डोळ्यांत पाणी का, असे त्यांच्या प्रश्नांचे वळण असे. उत्तर प्रत्येकास ठाऊक असे. ते मोठ्याने उच्चारण्याचा प्रसंग मात्र पूर्वी कधी आलेला नसे. समुदायात बसून स्वतःच्या तोंडाने दिलेले उत्तर मनुष्य सहसा विसरत नाही. शिवाय बाबा हसवीत, आणि हसता हसता मनुष्याचे मन मोकळे होते. दारूवर त्यांनी कठोर प्रहार केले, परंतु दारुड्याचा तिरस्कार केला नाही. तो करता तर तो आपल्या पित्याचाच तिरस्कार झाला असता.

आजच्या भाषेत ज्यास समुपदेशन म्हणतात, ते याहून फारसे वेगळे नाही. अमेरिकेतील अॅक्रन या गावी १९३५ साली बिल विल्सन नावाचा दलाल व डॉक्टर बॉब स्मिथ नावाचा शल्यविशारद, हे दोघे मद्यपी एकमेकांच्या आधाराने दारूपासून दूर राहिले व त्यातून अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही संघटना जन्मास आली. ज्याने हे दुःख भोगले, तोच दुसऱ्याच्या दुःखास हात घालू शकतो, हे तिचे सूत्र. आपल्या पुण्यात डॉक्टर अनिता अवचट व अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभे केले. तेथेही व्यसनातून बाहेर पडलेले कित्येक जण पुढे समुपदेशक झाले व नव्याने येणाऱ्यांस धीर देऊ लागले. गाडगेबाबा स्वतः व्यसनी नव्हते. परंतु ते व्यसनी पित्याचे पुत्र होते. व्यसनाची झळ पिणाऱ्यास लागते, तितकीच ती घरातील मुलास लागते. त्या भाजलेल्या मुलानेच पुढे गावोगावी फुंकर घातली.

बाबांच्या नावावर मोठी कामे उभी राहिली. ऋणमोचनचा घाट, नाशिक, देहू, आळंदी व पंढरपूर येथील धर्मशाळा, अन्नछत्रे व शिक्षणसंस्था, ही यादी मोठी आहे. परंतु त्यांनी स्वतःस कोणत्याही मठात बांधून घेतले नाही, कोणास शिष्य केले नाही व कोणास पाया पडू दिले नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. याच संस्थेने १९५० साली आपल्या शहरात महाविद्यालय काढले व तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपास आले. बाबांनी जे दिले, ते स्वतःच्या जातीपुरते दिले नाही, याचे हे ढळढळीत उदाहरण होय. त्यांच्या जन्माने आपल्या ज्ञातीस मोठेपणा आला, हे खरे. परंतु त्या मोठेपणावर एकट्याने हक्क सांगण्याचा अधिकार बाबांनी आपणास ठेवलेला नाही.

आपला हा मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या राज्यात शिंदी व मोहाच्या दारूचे मक्ते लिलावाने दिले जात व आबकारी हे सरकारच्या उत्पन्नाचे मोठे साधन होते. पलीकडे मुंबई राज्यात १९४९ साली दारूबंदीचा कायदा झाला. पुढे महाराष्ट्रात तो बराच सैल झाला. सरकार मक्ते विकणारे असो की बंदी घालणारे असो, दारू राहिलीच. एका काळी ती उघड दुकानात होती, दुसऱ्या काळी चोरट्या भट्टीवर. कायदा निरुपयोगी आहे, असे आम्हांस सुचवावयाचे नाही. पण कायद्याचा हात दुकानाच्या दारापर्यंत पोहोचतो. मांडवात तो पोहोचत नाही. मांडवात केवळ ज्ञातीचा शब्द चालतो. म्हणूनच बाबांनी सुरुवात बारशाच्या पंगतीपासून केली.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात सामील झाला. त्याच महिन्यात वांद्रे येथे पोलिसांसमोर झालेले बाबांचे कीर्तन ध्वनिमुद्रित झाले. त्यामुळे त्यांचा आवाज आजही ऐकावयास मिळतो. देह थकला होता, परंतु प्रश्न विचारण्याची हातोटी तशीच होती. ६ डिसेंबर रोजी बाबासाहेब गेले. त्यानंतर अवघ्या चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीजवळ वलगावच्या वाटेवर बाबांनी देह ठेवला. अमरावतीच्या गाडगेनगरात त्यांची समाधी आहे.

बाबांच्या काळानंतर वैद्यकशास्त्र पुष्कळ पुढे गेले आहे. व्यसन हे केवळ दुर्वर्तन नसून उपचारांनी आटोक्यात येणारा आजार आहे, असे आज ते सांगते. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडली, तर हातपाय कापणे, फेफरे येणे, भ्रम होणे असे धोके संभवतात. क्वचित प्राणावरही बेतते. म्हणून देवासमोर शपथ घालून मनुष्यास खोलीत कोंडणे हा उपाय नव्हे. त्यास प्रथम डॉक्टरांकडे नेले पाहिजे. बाबा गेले त्याच १९५६ साली आपल्या शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याचे घाटी रुग्णालय व तेथील मनोविकार विभाग आपल्या जवळ आहे. तेथे जाण्यात कमीपणा नाही. उपचारानंतरही एखाद्याचा पाय पुन्हा घसरतो. त्या वेळी टोचून बोलणारे दहा असतात. जवळ बसून विचारपूस करणारा एक पुरे होतो. आणि जो सुटला, त्यास आपल्या मेळाव्यांत मानाचे स्थान द्यावे. झिंगराजींस जे सांगावयाचे होते व सांगता आले नाही, ते तो सांगू शकेल.

ज्ञातिबंधुभगिनींनो, पंचांचा दंड पिण्याचा काळ गेला, परंतु हळदीच्या रात्रीची बाटली व वरातीपुढील झिंग आपल्यात आहे. ती पाजणारा यजमान दिलदार म्हणविला जातो आणि न पाजणाऱ्याच्या नावे बोटे मोडली जातात. हाच तो शेंडगावचा जुना रिवाज, फक्त नवे कपडे घालून आलेला. बाबांची तसबीर आपल्या बहुतेकांच्या घरी आहे. तिला हार घालणे सोपे. आपल्या घरच्या पुढील कार्यात दारूवाचून पंगत उठवून दाखविणे त्याहून कठीण, पण बाबांस तेच मान्य झाले असते. ज्या कुटुंबांत येत्या वर्षी मंगलकार्ये आहेत, त्यांनी हा विचार आधी घरातील स्त्रियांस विचारावा. उत्तर त्यांच्या ओठांवर तयार असेल. ते ऐकण्याचे धैर्य आपणा सर्वांस लाभो, एवढीच बाबांच्या चरणी प्रार्थना करून आम्ही लेखणी आवरती घेतो.