नौली करणाऱ्यांचा थेट एक्स-रे काढला! योगाला प्रयोगशाळेत नेणाऱ्या स्वामी कुवलयानंदांची गोष्ट

२१ जूनची सकाळ. मैदानावर रांगेत अंथरलेल्या चटया आणि माइकवरून आकडे मोजणारे सर. हे दृश्य मुंबईत दिसतं, तसंच छत्तीसगडच्या सीमेजवळच्या, गोंदिया जिल्ह्यातल्या देवरीतही दिसतं. आपल्याला त्यात काही विशेष वाटत नाही.

पण शंभर वर्षांपूर्वी योग असा मैदानात नव्हता. तो गुरूच्या आश्रमात होता, मठात होता. साध्या संसारी माणसाला वाटायचं की हे आपलं काम नाही. शिकलेल्या लोकांना तर ती बैराग्यांची कसरत वाटायची. हा समज मोडायला एक मराठी माणूस आयुष्यभर झटला. त्यांचं नाव जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद.

त्यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ चा, गुजरातमधल्या डभोईचा. वडील शिक्षक, घरची परिस्थिती बेताची. पोरगा मात्र हुशार निघाला. १९०३ मध्ये मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवून तो बडोदा कॉलेजात गेला. तेव्हा अरविंद घोष तिथे शिकवत होते. देशभक्तीचं वारं अंगात भरायला तेवढं पुरेसं होतं. बडोद्यातच जुम्मादादा व्यायाम मंदिरात प्रा. माणिकराव यांच्या हाताखाली १९०७ ते १९१० अशी तीन वर्षं त्यांनी व्यायामाचं शिक्षण घेतलं.

पुढे ते खानदेशात अमळनेरला शिक्षक म्हणून गेले आणि १९२० मध्ये तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. १९२३ मध्ये ब्रिटिश सरकारने ते कॉलेज बंद पाडलं. एखादा माणूस इथे राजकारणात तरी शिरला असता, नाहीतर दुसरी नोकरी तरी बघितली असती. गुणेंचं मन मात्र त्याआधीच दुसरीकडे लागलं होतं.

१९१९ मध्ये त्यांची भेट परमहंस माधवदासजींशी झाली होती. हे मूळचे बंगालचे योगी, नर्मदेकाठी मालसरला राहायचे. मुंबईत द योगा इन्स्टिट्यूट काढणारे श्री योगेंद्र हेही त्यांचेच शिष्य. गुणे त्यांच्याकडे योग शिकले, त्यातले अनुभव त्यांनी स्वतः घेतले. त्यांची श्रद्धा पक्की होती. पण एक प्रश्न त्यांना सोडेना: हे सगळं घडतं तेव्हा शरीरात नेमकं काय होतं?

मग त्यांनी जे केलं ते त्या काळात कुणाच्या डोक्यातही आलं नसतं. १९२०-२१ मध्ये बडोद्याच्या हॉस्पिटलात आपल्या काही विद्यार्थ्यांना नेऊन उड्डियान बंध आणि नौली करताना त्यांचे एक्स-रे काढले. नौली म्हणजे पोटाचे स्नायू पुढे काढून घुसळल्यासारखे फिरवणं. बघणाऱ्याला ती जादूच वाटते.

१९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू झालं आणि प्रयोगांना हक्काची जागा मिळाली. नौली चालू असताना आतड्यातला दाब मोजला, तर तो बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी भरला. म्हणजे आत पोकळी तयार होत होती! बस्ती या क्रियेत पाणी आपोआप आत कसं खेचलं जातं, याचं उत्तर त्यात होतं. या पोकळीला त्यांनी गुरूंचं नाव दिलं, माधवदास पोकळी. गुरुभक्ती आणि दाबमापक यंत्र अशी एकत्र नांदलेली क्वचितच दिसतात.

त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक निघालं. एका भागात प्रयोगांचे आकडे आणि दुसऱ्या भागात सामान्य वाचकाला करता येतील अशी आसनं, फोटोंसकट.

आता खरी कसोटी. माणूस स्वतः भक्त असेल आणि प्रयोगातून लोकांच्या समजुतीविरुद्ध काही निघालं, तर तो काय करेल? प्राणायामाने शरीरात भरपूर जास्तीचा ऑक्सिजन जातो, असं तेव्हाही सर्रास सांगितलं जायचं. आजही तसे व्हिडिओ रोज फिरतात. कुवलयानंदांनी श्वासातले वायू मोजले आणि सांगून टाकलं की प्राणायामाचं मोठेपण ऑक्सिजनमध्ये शोधू नका. त्याचा खरा उपयोग मज्जासंस्थेला वळण लावण्यात आहे. लोकांना आवडणारा दावा त्यांनी स्वतःच बाजूला सारला. अर्थात त्या प्रयोगांतली माणसं मोजकीच होती आणि आजच्या निकषांवर ते अपुरे ठरतील. पण मोजून बघायची सवय त्यांनी लावली.

नवशिक्यांसाठी त्यांची शिकवण साधी होती. आसनात झटके द्यायचे नाहीत, शरीर जाईल तेवढंच न्यायचं, दमछाक होऊ द्यायची नाही. जोराचा व्यायाम आणि आसनं एकात एक मिसळायची नाहीत. श्वास कोंडून धरायची घाई नको. कान वाहत असेल किंवा रक्तदाब वाढलेला असेल, तर शीर्षासनाच्या वाटेला जायचं नाही. ज्यांना वेळ नाही त्यांच्यासाठी त्यांनी छोटा अभ्यासक्रमही आखला. ध्यानाला बसायची घाई झालेल्यांनी तर हे लक्षात ठेवावंच: त्यांच्या मांडणीत आधी शरीर, मग श्वास आणि त्यानंतर मन येतं.

महात्मा गांधींची तब्येत १९२७ मध्ये बिघडली, तेव्हा आसनांबद्दल त्यांनी कुवलयानंदांचाच सल्ला घेतला. दोघांमध्ये पत्रव्यवहार झाला.

आणि मैदानावरच्या त्या रांगा? त्यांच्यामागेही यांचा हात आहे. शाळेतल्या पन्नास-शंभर पोरांकडून एकाच वेळी, तालावर आणि हुकुमावर योग कसा करून घ्यायचा, याचं त्यांचं ‘यौगिक संघ व्यायाम’ हे पुस्तक १९३६ मध्ये आलं. एकट्याने बसून करायची साधना कवायतीत बसवणं कितपत योग्य, यावर वाद घालता येईल. पण योग शाळेत न्यायचा तर त्यांना दुसरा मार्ग दिसत नव्हता.

१९३२ मध्ये मुंबईत सांताक्रूझला शाखा निघाली आणि १९३६ मध्ये ती मरीन ड्राइव्हवर आली. १९५१ मध्ये लोणावळ्यात योगाचं कॉलेज उभं राहिलं, तर १९६१ मध्ये जुनाट आजारांसाठी योगोपचाराचं हॉस्पिटल.

१८ एप्रिल १९६६ रोजी कुवलयानंद गेले. ‘योगमीमांसा’ आजही निघतं.