पंडित नीलकंठशास्त्री गोऱ्हे : आदिकारणाचा शोध

वस्त्राचे कारण कोणते? कापूस पिकविणाऱ्या यवतमाळ जिल्ह्यातील आपल्या श्रद्धावंतांना हा प्रश्न अवघड वाटणार नाही. सूत हे कारण आणि विणकर हेही कारण. न्यायशास्त्राने हाच दाखला घेऊन सुताला समवायी कारण व विणकराला निमित्त कारण अशी नावे दिली. या शास्त्रात निपुण असलेल्या एका मराठी पंडिताचे स्मरण आम्ही येथे करीत आहोत.

नीलकंठशास्त्री गोऱ्हे यांचा जन्म १८२५ साली झाशीजवळ एका कोकणस्थ ब्राह्मण कुटुंबात झाला. काशीत त्यांनी न्याय व व्याकरण यांचे अध्ययन केले. ऐन तारुण्यात ख्रिस्ती मताच्या खंडनार्थ त्यांनी संस्कृत ग्रंथ रचला. परंतु ज्या मताचे खंडन करावयाचे त्याचा अभ्यास करता करताच त्यांचे मन पालटले. १८४८ साली जौनपूर येथे त्यांनी स्नानसंस्कार स्वीकारून नेहेम्या हे नाव घेतले. त्यासाठी त्यांना आप्तांचा दुरावा सोसावा लागला.

१८६० साली त्यांचा 'षड्दर्शन दर्पण' हा हिंदी ग्रंथ प्रसिद्ध झाला. न्यायमतानुसार परमाणू व जीवात्मे अनादी असून ईश्वर जगाचे निमित्त कारण आहे. गोऱ्हे यांचा आक्षेप येथेच होता. विणकराला सूत आयते मिळते, तसे ईश्वराला जग घडविण्याचे द्रव्य आयते मिळाले असेल, तर त्या द्रव्याच्या अस्तित्वाचा कर्ता तो कसा ठरेल? परमेश्वराने सर्व काही शून्यातून निर्माण केले, ही ख्रिस्ती श्रद्धा त्यांनी या तर्काने मांडली.

ते अँग्लिकन पंथाचे धर्मगुरू होते, कॅथलिक नव्हते. तथापि तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांची शिकवण याच प्रश्नाला भिडते. त्यांच्या मते परमेश्वर आदिकारण आहे, पण म्हणून सृष्टीतील इतर कारणे खोटी ठरत नाहीत. पीक परमेश्वराच्या कृपेने येते, तसेच ते पावसाने आणि शेतकऱ्याच्या श्रमानेही येते. म्हणून संकटसमयी सारा भार नशिबावर टाकून स्वस्थ बसणे आपल्या श्रद्धेला धरून नाही. प्रार्थना करावी, आणि दुःखाची जी कारणे माणसाच्या हाती आहेत ती दूरही करावीत.

पंडिता रमाबाईंच्या ख्रिस्ती श्रद्धेच्या प्रवासात गोऱ्हे यांच्या लेखनाचा मोठा वाटा होता. १८९५ साली मुंबईत त्यांचे निधन झाले. विरोधकाचे म्हणणे नीट समजून घेणारी त्यांची सत्यनिष्ठा आपणा सर्वांना प्रेरणा देवो, हीच प्रभुचरणी प्रार्थना.